अंध गायक-वादकाने ध्वनिमुद्रणासाठी कोणता संगणक घ्यावा?

प्रश्न : पेटीवाला, पंचवटी

नमस्कार. मी जन्मांध असून पंचवटीत घरीच पेटी आणि सुगम गायनाच्या शिकवण्या घेतो. आजवर विद्यार्थ्यांची आणि स्वतःची गाणी मी मोबाइलवरच मुद्रित करत आलो. मोबाइलवर गळा, पेटी आणि तबला एकत्रच मुद्रित होतात, त्यामुळे गायकाचा एखादा सूर दुरुस्त करायचा म्हटले की सगळे गाणे पुन्हा म्हणावे लागते. आता प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घ्यावे, नंतर त्यांचा मेळ घालावा आणि हे सारे डोळस माणसाला शेजारी न बसवता करता यावे, अशी इच्छा आहे.

संगणक मला अगदीच अनोळखी नाही. नोकरीच्या काळात विंडोजवर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून सांगणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, साहाय्याने पत्रव्यवहार, ई-मेल आणि एक्सेलचे साधे काम केलेले आहे. मॅकला मात्र कधी हात लावलेला नाही. माइक, हेडफोन वगैरे सर्व धरून ऐंशी-पंच्याऐंशी हजार रुपये खर्च करण्याची तयारी आहे. मुलाचे म्हणणे असे, की गेमिंग लॅपटॉप सर्वांत वेगवान असतो, तोच घ्यावा. कॉलेज रोडवरच्या एका दुकानदाराने आय-नाइन प्रोसेसरशिवाय रेकॉर्डिंग होतच नाही, असे ठासून सांगितले. मुंबईचे एक अंध स्नेही तर मॅकखेरीज दुसरे नावच घेत नाहीत. तेव्हा लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप, विंडोज की मॅक, आणि पैसे नेमके कशावर घालावेत, याविषयी प्रत्यक्ष हे काम करणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.


उत्तर : खर्जातला, सिडको

पेटीवाले, आपल्याला तिघांनी तीन संगणक सुचवले, परंतु त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी कोणीच काही बोलले नाही. आपल्यासारख्या, म्हणजे माझ्यासारख्याही, वापरकर्त्याने आधी हे ठरवावे की मुद्रणाचे कोणते सॉफ्टवेअर आपल्या स्क्रीन रीडरशी बोलते. मग इंटरफेस, म्हणजे माइक आणि हेडफोन संगणकाशी जोडणारे यंत्र, ठरवावा आणि या दोघांना जो संगणक पुरेल तो सर्वांत शेवटी घ्यावा.

आपल्याला एनव्हीडीए येतो, हे मोठे भांडवल आहे. त्याच्या जोडीला रीपर हे मुद्रणाचे सॉफ्टवेअर घ्या. रीपर ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते आणि व्यक्तिगत वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. मूळ रीपरमधून स्क्रीन रीडरला फारसे काही कळत नाही. ती उणीव ओसारा नावाची मोफत जोडणी भरून काढते. बाण दाबून ट्रॅक बदलला की ती त्याचे नाव, तो मुद्रणासाठी सज्ज आहे की नाही आणि मूक केला आहे की नाही, हे सांगते. कर्सर कोणत्या मात्रेवर किंवा सेकंदावर आहे तेही सांगते. एफ १२ दाबल्यानंतर कोणतीही कळ दाबली तरी ती कृती न घडता केवळ तिचे काम ऐकवले जाते, त्यामुळे शिकताना काही बिघडेल ही धास्ती राहत नाही. ओसाराच्या मागे असलेले जेम्स टेह आणि एनव्हीडीए सुरू करणारे मायकेल करन हे दोघेही स्वतः अंध आहेत, आणि ते या जोडणीच्या प्रत्येक बारकाव्यात जाणवते. उदाहरणार्थ, आवाजाची पातळी. डोळस माणूस मीटरचा लाल रंग पाहून आवाज फाटतो आहे हे ओळखतो. ओसारामध्ये पीक वॉचर नावाची सोय आहे. आपण ठरवलेल्या पातळीच्या वर ट्रॅक गेला की ती तसे बोलून सांगते आणि सर्वोच्च आकडा लक्षात ठेवते. तार षड्जावर आवाज किती चढला, हे गाणे संपल्यावर विचारता येते.

आता ज्या गोष्टीविषयी दुकानदार कधीच सांगणार नाही, तिच्याकडे वळतो. आपल्या संगणकातून दोन आवाज निघणार आहेत : एक संगीताचा आणि दुसरा स्क्रीन रीडरचा. विंडोजवर रीपर सामान्यतः ॲसिओ या जातीच्या ड्रायव्हरमार्फत (ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि संगणक यांना जोडणारे सॉफ्टवेअर) इंटरफेसशी बोलते, कारण त्या मार्गाने विलंब कमी होतो. परंतु काही इंटरफेसचे ड्रायव्हर अशा वेळी विंडोजचा इतर आवाज त्याच यंत्रातून जाऊ देत नाहीत, आणि मग ऐन मुद्रणाच्या वेळी एनव्हीडीए मुका होतो. डोळस माणसाच्या हे लक्षातही येणार नाही. आपले मात्र कामच थांबते. यावरचा उपाय असा, की संगीत इंटरफेसमधून जाऊ द्यावे आणि एनव्हीडीएचा आवाज संगणकाच्या अंगच्या साउंड कार्डाकडे वळवावा. एनव्हीडीएची कळ (सहसा इन्सर्ट), कंट्रोल आणि यू या कळा एकत्र दाबल्या की ध्वनीच्या सेटिंग्ज उघडतात, तिथे आउटपुटचे यंत्र निवडता येते. एनव्हीडीए बोलताना इतर आवाज दबवणारी ऑडिओ डकिंगची सोयही बंद ठेवावी, नाहीतर मेळ घालताना संगीताची पातळी सतत वरखाली होत राहते. म्हणूनच संगणकाला हेडफोनचे स्वतंत्र छिद्र असणे ही आपल्यासाठी प्रोसेसरपेक्षा मोलाची बाब आहे. मी संगीतासाठी कानावर बसणारा हेडफोन वापरतो आणि त्याच्या आत एका कानात एनव्हीडीएसाठी बारीक इअरफोन ठेवतो. हे दिसायला विचित्र असेल. ते पाहायला मी जात नाही.

संगणकाची क्षमता म्हणाल तर आय-फाइव्ह किंवा रायझन फाइव्ह दर्जाचा अलीकडचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी एवढे आपल्या कामाला पुरून उरेल. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या दर्जाने एका माइकचे एक मिनिट सुमारे ८.६ एमबी जागा घेते, म्हणजे चार ट्रॅकवर तासभर मुद्रण केले तरी दोन जीबींच्या आसपासच जागा लागते. पेटी, गळा आणि तबल्याचे दहा-बारा ट्रॅक वाजवताना संगणकाला घाम फुटत नाही. मोठ्या वाद्यवृंदाचे नमुने भरलेली आभासी वाद्ये वापरायची असतील, तरच अधिक रॅम आणि अधिक वेग यांचा विचार करावा.

गेमिंग लॅपटॉपमधले निम्मे पैसे ग्राफिक्स कार्ड आणि उत्तम पडदा यांत जातात. या दोहोंचा आपल्याला उपयोग शून्य, आणि वर त्याचे पंखे असे घोंगावतात की त्याच खोलीतल्या माइकमध्ये तंबोऱ्याच्या जोडीला तेही येऊन बसतात. स्पर्शपडद्यावरही पैसे घालू नका. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप बॅटरीला चांगले असले, तरी त्यांच्यासाठी इंटरफेसचा ड्रायव्हर वेगळा लागतो, तेव्हा त्याची खात्री होईपर्यंत त्या वाटेला जाऊ नये. जुना लॅपटॉप घेणार असाल तर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा घेऊ नका. विंडोज ११ त्यांवर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.


उत्तर : शुद्ध मध्यम, गंगापूर रोड

खर्जातला यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे. केवळ मॅकचा उल्लेखही न करता विषय संपू नये, म्हणून लिहीत आहे. मीही अंध आहे आणि माझे सर्व काम मॅकवर, लॉजिक प्रो हे मुद्रणाचे सॉफ्टवेअर आणि व्हॉइसओव्हर हा मॅकचा स्क्रीन रीडर यांच्या आधारे चालते.

मॅकमध्ये व्हॉइसओव्हर २००५ पासून प्रणालीचाच भाग आहे, आणि गॅरेजबँड हे मुद्रणाचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. व्हॉइसओव्हरचा आवाज कोणत्या यंत्रातून यावा हे व्हॉइसओव्हर युटिलिटीमध्ये ठरवता येते, आणि मॅकच्या कोअर ऑडिओ रचनेत अनेक प्रोग्रॅम एकाच इंटरफेसमधून एकाच वेळी आवाज काढू शकतात, त्यामुळे वर सांगितलेला मुकेपणाचा प्रसंग सहसा येत नाही. पुढे व्यावसायिक स्टुडिओत प्रो टूल्सवर काम करण्याचा मानस असेल, तर अंध व्यक्तीसाठी तेही मॅकवरच अधिक सुलभ आहे. रीपर आणि ओसारा मॅकवरही चालतात, तेव्हा ते शिकलेले वाया जात नाही.

खर्चाच्या दृष्टीने दोन पर्याय आहेत. एम-फोर प्रोसेसरचा मॅक मिनी २०२४ च्या अखेरीस आला, तेव्हा १६ जीबी रॅमसह त्याची भारतातील किंमत ५९,९०० रुपये होती. आपल्याला पडदा लागतच नाही, म्हणून ही खरेदी डोळस माणसापेक्षा आपल्याला स्वस्त पडते. त्याला स्वतःचा स्पीकर आहे आणि हेडफोनचे छिद्र पुढच्या बाजूला आहे, त्यामुळे व्हॉइसओव्हरची सोय आपोआप होते. मात्र त्याचे चालू करण्याचे बटण तळाशी, मागच्या कोपऱ्यात आहे, आणि त्यावर जुन्या चौकोनी यूएसबीचे एकही तोंड नाही, तेव्हा कळफलक व इंटरफेस यांसाठी जोडण्या घ्याव्या लागतील. रॅम नंतर वाढवता येत नाही. दुसरा पर्याय म्हणजे २०२० चा एम-वन मॅकबुक एअर, चांगल्या स्थितीत मिळाला तर. त्यात पंखाच नाही. माइकपासून हातभर अंतरावर ठेवून गायलात तरी त्याचा आवाज येणार नाही, आणि घरातल्या घरात मुद्रण करणाऱ्याला याचे महत्त्व निराळे सांगायला नको. जुना मॅकबुक प्रो घेताना मात्र एफ कळांच्या जागी टचबारची पट्टी असलेला घेऊ नका. त्या पट्टीवर बोटाला काहीच लागत नाही.

आता उलट बाजू. व्हॉइसओव्हरची चालण्याची पद्धत एनव्हीडीएपेक्षा वेगळी आहे. पडद्यावरचे घटक गटागटांत असतात, गटाच्या आत शिरावे लागते आणि काम झाले की बाहेर यावे लागते. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो आणि त्या काळात गाणे बाजूला राहते. शिवाय मॅक बिघडला तर दुरुस्तीसाठी आपल्या गावात काय सोय आहे, याची चौकशी खरेदीच्या आधी करावी. आपण तरुण विद्यार्थी असता तर मी आग्रहाने मॅक सांगितला असता. आपल्या बाबतीत आग्रह धरत नाही.


पेटीवाला, पंचवटी

दोघांचे मनःपूर्वक आभार. गेमिंग लॅपटॉपचा विषय घरात आजच संपवला. विंडोजकडे माझा कल झुकतो आहे, तरी दोन शंका उरल्या आहेत. पहिली ही, की इंटरफेस निवडताना अंध माणसाने काय पाहावे? बाजारात बहुतेक यंत्रांवर दिवेच दिवे असतात असे ऐकतो. दुसरी शंका खोलीविषयी आहे. माझे घर जुन्या वाड्यात, रस्त्याला लागून आहे. पहाटेपासून देवळांच्या घंटा, दिवसभर रिक्षा, आणि २०२७ च्या सिंहस्थात तर काय होईल ते गोदामाईच जाणे. अशा ठिकाणी महागडा माइक घेणे व्यर्थ आहे का?


उत्तर : फेडर, सातपूर

मी डोळस आहे आणि ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय करतो. माझ्याकडे काही अंध कलाकार नियमित येतात, त्यांच्याबरोबर काम करताना जे कळले ते लिहितो. विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्याने अधू झाली होती आणि उत्तरायुष्यात त्यांनी आपल्या नाशिकलाच आश्रम काढला. तेव्हा दृष्टी नसलेल्या गायकाच्या रियाजाला साथ देणे या गावाला नवे नाही. यंत्रांनीच अजून ते पुरते शिकलेले नाही.

इंटरफेस दुकानात हातात घेऊन पाहावा. आवाज वाढवण्याच्या खुंटीला सुरुवात आणि शेवट बोटाला जाणवतो का, हे पाहावे, कारण काही यंत्रांची खुंटी गोल गोल फिरतच राहते आणि तिची स्थिती केवळ दिव्यांनी कळते. ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरचे, म्हणजे कंडेन्सर माइकला लागणाऱ्या विजेचे, बटण सरकवण्याचे किंवा आत-बाहेर राहणारे असेल तर ते चालू आहे की बंद, हे चाचपून कळते. नुसते दाबून सोडण्याचे असेल तर दिव्याखेरीज खूण नाही. अशा वेळी त्या यंत्राचे नियंत्रण-सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरला वाचता येते का, हा प्रश्न येतो. फोकसराइटच्या स्कार्लेट मालिकेची चौथी पिढी या कारणाने विचारात घेण्यासारखी आहे. तिचे फोकसराइट कंट्रोल २ हे सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरसह वापरता येते. त्यातल्या टू-आय-टू या प्रकारात ऑटो गेनची सोय आहे, म्हणजे आपण काही क्षण गायलात की यंत्र स्वतःच पातळी ठरवते, आणि क्लिप सेफ चालू ठेवले तर आवाज फाटण्याच्या बेतात आला की पातळी आपोआप खाली घेतली जाते. त्याच मालिकेतल्या सोलो या लहान यंत्रात या दोन सोयी नाहीत, त्यामुळे थोडे पैसे वाचवण्यासाठी सोलो घेऊ नये. पेटी आणि गळा एकाच वेळी वेगळे घ्यायचे असतील तरी दोन माइकची तोंडे लागतातच.

विलंबाविषयी एक खुलासा करतो. संगणक आवाज थोडा थोडा साठवून पुढे पाठवतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर १२८ नमुन्यांचा बफर ठेवला तर एका बाजूचा विलंब सुमारे २.७ मिलिसेकंद होतो, ५१२ ठेवला तर १०.७. गाताना स्वतःचा आवाज थोडा मागून आला तर लय डळमळते, म्हणून गाताना बफर लहान ठेवावा आणि मेळ घालताना मोठा. किंवा इंटरफेसमधला डायरेक्ट मॉनिटर वापरावा, म्हणजे आपला आवाज संगणकात न शिरता थेट कानात येतो.

आता वाडा आणि घंटा. महागडा कंडेन्सर माइक आपल्या खोलीत गळ्याइतक्याच प्रेमाने रिक्षाही टिपेल. त्याऐवजी शूअर एसएम ५८ किंवा त्या जातीचा डायनॅमिक माइक घेऊन तोंडापासून चार बोटांवर धरावा. तो दूरचे आवाज बरेच कमी पकडतो आणि त्याला फँटम पॉवरही लागत नाही. पेटीसाठी दुसरा माइक सुरांच्या बाजूने, वीतभर वर ठेवावा, भात्याच्या बाजूला ठेवू नये, अन्यथा हवेचा फुसफुसाट आणि भात्याची करकर यांचाच स्वतंत्र ट्रॅक तयार होईल. पेटी आणि गळा एकाच बैठकीत घेतले तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जाणारच. मागाहून सूर दुरुस्त करायचे असतील, तर आधी पेटी आणि ठेका मुद्रित करून, हेडफोनमध्ये ते ऐकत गळा नंतर घ्यावा. हेडफोन मात्र बंद पाठीचा हवा. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून ठेकाही गळ्याच्या माइकमध्ये झिरपतो, आणि आपल्या बाबतीत स्क्रीन रीडरचे बोलणेसुद्धा.

जुन्या वाड्यात विजेचे अर्थिंग तपासून घ्या. ते नीट नसेल तर चार्जर लावल्याबरोबर मुद्रणात घरघर ऐकू येते. लॅपटॉप असेल तर मुद्रणापुरता चार्जर काढून बॅटरीवर काम करता येते, आणि पावसाळ्यात वीज गेली तरी अर्धे गाणे हातचे जात नाही. डेस्कटॉपला किंवा मॅक मिनीला यूपीएसचा खर्च धरावा लागेल. एवढ्या एका कारणासाठीही मी आपल्याला लॅपटॉपच सुचवीन.


उत्तर : खर्जातला, सिडको

फेडर यांनी लिहिलेले सर्व योग्यच आहे. त्यांना एक जोड देतो, कारण पेटीवाले आता प्रत्यक्ष दुकानात जातील.

जाताना पेनड्राइव्हवर एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत घेऊन जा. ती संगणकात काहीही स्थापित न करता चालते. दुकानदार पेनड्राइव्ह लावू देत नसेल, तर कंट्रोल, विंडोज आणि एंटर या कळा एकत्र दाबून विंडोजचा स्वतःचा नॅरेटर सुरू करता येतो. एनव्हीडीए सुरू झाला की एनव्हीडीए आणि १ दाबून कळ-साहाय्य चालू करा आणि मग कळफलकावरून सावकाश हात फिरवा. प्रत्येक कळ आपले नाव सांगेल. रीपरमध्ये एफ कळांचे काम फार असते, आणि बऱ्याच लॅपटॉपवर त्या कळा मुळात आवाज आणि प्रकाश कमी-अधिक करण्यासाठी नेमलेल्या असतात. एफएन दाबल्याशिवाय त्या एफ कळा होत नाहीत. ही व्यवस्था उलटी करता येते का, हे दुकानातच विचारून घ्या. उजव्या बाजूला अंकांचा वेगळा कळसंच असलेला पंधरा इंची लॅपटॉप मिळाला तर उत्तम, कारण एनव्हीडीएच्या वाचनाच्या आज्ञा तिथे एकवटलेल्या असतात. नसेल तर कॅप्स लॉकला एनव्हीडीएची कळ करून लॅपटॉपची मांडणी निवडता येते, किंवा साधा यूएसबी कळफलक जोडता येतो. नव्या काही लॅपटॉपवर ॲप्लिकेशनची कळ उरलेली नाही. तिचे काम शिफ्ट आणि एफ १० करतात.

हेडफोनचे छिद्र हाताने चाचपून पाहा आणि त्यातून एनव्हीडीए प्रत्यक्ष ऐका. त्याच वेळी कान लॅपटॉपच्या तळाशी नेऊन पंख्याचा आवाजही ऐका. दुकानाच्या गोंगाटातही जो ऐकू येतो तो घरी झोपू देणार नाही. एकूण रकमेच्या दोन तृतीयांशाहून अधिक रक्कम लॅपटॉपवर जाऊ देऊ नका, म्हणजे टू-आय-टू, डायनॅमिक माइक, बंद पाठीचा हेडफोन आणि रीपरचा परवाना यांना हात आखडता घ्यावा लागणार नाही. पेटीचा वेगळा माइक पुढच्या महिन्यातही घेता येईल. गळा आणि पेटी एकामागून एक मुद्रित करणार असाल तर तोवर एकच माइक दोन्ही कामे करील.

लॅपटॉप घरी आला की कळवा. एनव्हीडीएच्या २०२५.१ आवृत्तीपासून दूरस्थ जोडणीची सोय त्यातच आली आहे, त्यामुळे मी सिडकोतून माझ्या कळफलकाने आपल्या संगणकावर ओसारा बसवून देऊ शकेन आणि आपला एनव्हीडीए काय बोलतो ते मला इथे ऐकू येईल. इंटरफेसचा ड्रायव्हर मात्र त्याआधी आपण स्वतः बसवून ठेवा, कारण तो बसताना काही वेळा संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो आणि जोडणी तुटते.